तुमच्या मरणाचा पुरावा

तुमच्या बाराव्याला आपल्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि तुम्ही कशानं गेलात हे त्यांतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरलासुद्धा इतकं पक्कं ठाऊक नव्हतं. तातू मानकरी खांबाला टेकून, पान जुळवत म्हणाले, "राखणदाराच्या जाग्यात बाव खणल्यान, राखणदारान तेका न्हेल्यान. आता ह्याच्यात इचारूचा काय आसा?" तुम्ही विहीर खणलीत म्हणून राखणदार कोपला, ह्याला सगळ्यांनी माना हलवल्या. मी आत चुलीपाशी होते. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच मला तुमचा राग आला. एवढी माणसं एवढं चुकीचं बोलतायत आणि हा माणूस गप्प कसा, असं मनात आलं. मग आठवलं, तुम्ही का गप्प आहात ते.

राग अजून गेलेला नाही. आता वैशाख आहे. तुम्ही मार्गशीर्षात गेलात. मधल्या महिन्यांत जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते सगळं तुमच्या नावानं झालं आणि तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला! बोलण्यावाचून ज्यांना दोन घास गोड लागत नव्हते, त्यांना.

मालवणात वकिलाच्या हाताखाली कारकुनी करताना तुम्ही काय काय घरी आणलंत. त्यात एकदा संध्याकाळच्या एस.टी.नं एक शब्द आणलात, हेत्वाभास. मी विचारलं, ह्यो काय खावचो जिन्नस? तुम्ही हसलात, पाटावर बसलात आणि मला समजावलंत की कारणासारखी दिसते पण कारण नसते, अशी जी बोलण्यातली चूक, ती ही. वकीलसाहेब विरुद्ध बाजूच्या बोलण्यातून असल्या चुका वेचून काढतात म्हणालात. मग तुम्हीच तो शब्द टाकून दिलात. "आपल्याक कावळो पुरे," म्हणालात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी फांदी कावळ्यानं मोडली असं नव्हे. त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी उगाच जोडाजोडी केली की तुमची आरोळी ठरलेली, "कावळो बसलो!"

तुमच्या आईंना त्याचा भारी संताप यायचा. त्या म्हणाल्या, अवसेला कोंबडी अंड्यांवर बसवली म्हणून एक पिल्लू निघालं नाही. तुम्ही लगेच, "आनि पुनवेक बसवललंस तेतूरली अर्धी वायट निघाली, ती कोणाच्या खात्यार?" त्या म्हणाल्या, माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनंही असंच केलं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तिघीय चुकल्यात." आईंनी डाव उगारला आणि तुम्ही खळ्यात पळालात, चांगले चाळिशीला टेकलेले. मासेवालीलाही तुम्ही सोडलं नाहीत. ती म्हणाली, सगळीकडे ह्योच भाव. तुम्ही म्हणालात, "सगळीकडे म्हणजे खंय गो? तू तर देवबागेसून सरळ हंय इलंस." तिनं हसून एक बांगडा जास्त टाकला.

मलाही तुम्ही सोडत नव्हतात, पण माझं ऐकत होतात. हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. ह्या वाडीत कुठल्या बाईचं म्हणणं कोणी असं शेवटपर्यंत ऐकून घेतलंय? एकदा तुमच्या गप्पा-गजालीत भात करपला आणि मी तडकले. तुम्ही म्हणालात, तू रागावलीस म्हणजे तुझं म्हणणं चुकीचं. मी म्हटलं, "भात करपलो म्हणान मी रागावलंय. माजो राग गेलो तर भात पांढरो होतलो काय?" तुम्ही कान खाजवलात. मग स्वतःच स्वतःला म्हणालात, "कावळो बसलो." करपलेला भात आपण दोघांनी ताकाबरोबर खाल्ला. ह्या माणसाबरोबर जन्मभर भांडायला मिळालं तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हे तुम्हाला कधी बोलले नाही.

जन्मभर म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नव्हतं.

आता विहिरीचं. वाडीतली जुनी विहीर होळीनंतर आटते आणि बायका कळश्या घेऊन सड्याच्या उघड्या कातळावरून खालच्या वाडीत जातात, हे काही नवीन नव्हतं. शेजारची शेवंता दिवस गेलेले असताना त्या तापलेल्या कातळावर पडली आणि तिचं मूल गेलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आपल्या घरामागच्या परड्याच्या खालच्या कोपऱ्याकडे नीट बघितलंत. तिथं किंजळीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. वाडीची हद्द राखतो म्हणून वर्षातून एकदा त्याला नारळ देतात. आजूबाजूचं गवत वैशाखातही हिरवं, बाजूला वारूळ. पाणी तिथंच होतं. जमीन आपली होती.

तुम्ही देवळात माणसांसमोर विषय काढलात. तातू म्हणाले, ती जागा खणायची नाही, खणली तर वाईट होतं. "कोणाचा झाला?" तुम्ही विचारलंत. "कोणाचाच नाय." "ता कसा?" "कारण कोण खणूकच नाय!" ह्यावर तुम्ही मोठ्यानं हसलात. म्हणालात, तातू, तुम्ही घाण्याच्या बैलासारखे गोल फिरताय. मग बाकीचेही हसले. पोरंसुद्धा हसली. घरी येऊन ती गोष्ट तुम्ही जेवताना सांगितलीत, आणि हात धुताना परत सांगितलीत. मी विचारलं, तुम्ही हसलात ते चुकीला की तातूंना? तुम्ही म्हणालात, एकच ते.

एकच नव्हतं. तेव्हाही मी तसं म्हटलं आणि तुम्ही हात झटकलात. ज्या माणसाचा गावात मान आहे त्याला पोराबाळांसमोर हसलात, आणि मग वाट बघत बसलात की आपलं म्हणणं बरोबर आहे म्हणून कामाला माणसं येतील. एकही आला नाही. काहींना राखणदाराची भीती होती, काहींना तातूंची. शेवटी कसालकडचा एक पाथरवट आला. तो खाली चिरा फोडणार, पण फोडलेली माती-दगड वर ओढणार कोण? तुम्ही. लहानपणच्या तापानं काळजाची झडप बिघडलेले तुम्ही, ज्यांना मालवणच्या डॉक्टरनं भरलेली कळशीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं.

आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही. मी दारात आडवी उभी होते. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरान सांगल्यान तेका चार वर्सा झाली. माका काय झाला? काय नाय. म्हणजे डॉक्टर चुकलो." मी म्हटलं, "व्हाळावरलो साकव आजपर्यंत मोडूक नाय म्हणान उद्या मोडाचो नाय, असा म्हणणाऱ्यांका हसता कोण? तुमीच मा?" तुम्ही कान खाजवलात. मला वाटलं, आता म्हणतील, कावळो बसलो. तुम्ही म्हणालात, "तुका ह्यातला कळाचा नाय. तू घाबारलंस." आणि घमेलं उचलून मला बाजूला सारून गेलात.

त्या दिवशी मी जिंकले होते. तुम्हालाही ते ठाऊक होतं. माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक लांबून दिसते आणि स्वतःच्या हट्टातली पायाखाली असून दिसत नाही, हे तुम्ही मला शिकवलं नाहीत, दाखवलंत. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याबरोबर दोर ओढायला उभी राहिले, कारण तुम्ही थांबणार नाही हे मला कळलं होतं, आणि निदान अर्धं ओझं माझ्या हातात यावं.

मिरगाच्या तोंडावर पाणी लागलं. तुम्ही ओंजळीत घेऊन आधी आईंना दिलंत, मग मला. गोड होतं. शेवंता धावत आली. चार-सहा बायका आल्या. पुरुष लांबून बघत होते. भाद्रपदापासून तुमचे पाय सुजायला लागले. तुम्ही म्हणालात, पावसाळी हवा. मार्गशीर्षात एका सकाळी कोट घालून एस.टी.ला निघालात, पायरीवर वहाणा घालायला बसलात आणि उठला नाहीत.

तेराव्यानंतर लगेच देवळात कौल लावला. मी गेले. बायका मागं बसतात तशी मागं बसले. गुरवानं देवाच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे फुलाच्या पाकळ्या लावल्या आणि तातूंनी विचारलं, बाव बुजवायची असली तर उजवी दे, काटे घालून बंद ठेवायची असली तर डावी. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "आनि चालू ठेवची असली तर खंयची?" देवाला विचारायचं तर मोकळं विचारा, मी म्हटलं, तुम्ही दोन्ही उत्तरं आपल्या सोयीची लावून देवाला निवडायला सांगताय. तातूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. गुरवाला म्हणाले, "तेरा दिवसांपूर्वी कुंकू पुसललो बाईमाणूस कौलात बोलता तेका काय उत्तर देवचा?"

डावी पाकळी पडली. किंजळीखाली काटेरी फांद्या पडल्या.

घरी येताना मला तुमची इतकी आठवण आली की चालवेना. विचारलेल्याचं उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्याचं कपाळ दाखवायचं, ही चूक तुम्ही मला पहिल्या वर्षीच ओळखायला शिकवली होती. ओळखली. पुढं काय? चूक ओळखल्यावर काय करायचं ते तुम्ही शिकवलंच नाहीत. तुमच्या वकिलाच्या कोर्टात कोणीतरी ऐकून निवाडा देणारा असतो. देवळात तसं कोणी नव्हतं.

मी रोज फांद्या बाजूला करून आपल्या घरापुरतं पाणी काढत राहिले, उजेडात, सगळ्यांना दिसेल असं. मला काही झालं नाही, तुम्ही गेल्यापासून दुःखानं अंथरूण धरलेल्या आईंनाही त्या पाण्यानं काही झालं नाही. मला वाटलं, हा तरी पुरावा दिसेल. शेवंतानं हळूच येऊन सांगितलं, काय बोलतात ते. "तिचो घोव गेलो, आनि काय होवचा रवलाहा?" बघा. आजारी पडले असते तर राखणदार होता, धडधाकट राहिले तरी राखणदारच.

आणि सगळ्यात वाईट काय ते सांगते. ते म्हणतात विहिरीनं तुम्हाला मारलं. ते खोटं नाही. ती खणली नसती तर तुम्ही आज पाटावर बसून कोणाची तरी चूक काढत असता. पण विहिरीतले दगड तुम्हाला स्वतः ओढावे लागले, कारण माणसं आली नाहीत. माणसं आली नाहीत, कारण खणली तर कोणीतरी मरेल अशी त्यांची समजूत. त्यांच्या त्या समजुतीनं तुम्ही मेलात, आणि आता तुमच्या मरणाकडे बोट दाखवून ते म्हणतात, बघा, आमची समजूत खरी होती. हे मी रात्रंदिवस मनाशी उलटसुलट करून बघितलं. कुठं चूक सापडली नाही. ऐकवायला माणूस मात्र नाही.

चैत्रात जुनी विहीर आटली. ह्या वर्षी वैशाख लागताच खालच्या वाडीची विहीरही तळाला गेली आणि त्यांनी आपल्या बायकांना परत पाठवलं. आठवड्याभरात तातू आपल्या खळ्यात येऊन बसले. माझ्याशी इतकं गोड ते कधी बोलले नव्हते.

"सुनबाय, इचार केलो आमी," ते म्हणाले. "राखणदाराचो घास राखणदाराक पोचलो. तेची भूक भागली. आता ता पाणी सगळ्यांचा."

"पौषात पाणी वायट होता," मी म्हटलं. "वैशाखात बरा कसा झाला?"

"देवाच्या गजालीत कसा-कित्या नसता गो."

"तहानेच्या गजालीत असता काय?"

त्यांचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यांनी तो सावरला. वाईट माणूस नाही तो. घरात तीन सुना आणि तान्हं नातवंड आहे, आणि पाणी नाही. म्हणाले, गाऱ्हाणं घालू, मग काटे काढू. फक्त घरच्या माणसानं समोर उभं राहून 'व्हय' म्हणायला हवं, तुझी सासू अंथरुणाला खिळलीय, तेव्हा तू. नाही म्हटलंस तर गावातलं कोणी त्या पाण्याला हात लावणार नाही, आणि पावसाआधी बुजवूनही टाकतील, पोरंबाळं आत डोकावतात म्हणून.

म्हणजे मला निवडायचं होतं. तुमच्या मरणाचं खरं कारण, किंवा तुमची विहीर. ह्या वेळी मात्र तिसरी पाकळी मलाही दिसेना. तीन दिवस मी शोधली. तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात, ह्याबद्दल मला शंका नाही. तुम्ही खळ्यात उभे राहून त्यांच्या बोलण्याच्या चिंध्या केल्या असत्या, पोरं हसली असती, आणि शेवंता पुन्हा सड्यावरून कुठल्या तरी तिसऱ्याच गावात पाण्याला गेली असती. तिला परत दिवस गेलेत. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

काल सकाळी किंजळीखाली सगळी वाडी जमली. तातूंनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा! तुज्या जाग्यार ह्या घरच्या झिलान हात घातल्यान, तुजो मान मोडल्यान…"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"तेचो जाब तू घेतलंस, तेका पोटात घेतलंस…"

"व्हय म्हाराजा!"

"आता तुजो राग शांत झालो. ह्या पाण्यान कोणाचा वायट होव नये, लेकराबाळांका गोड पाणी मिळान दे रे म्हाराजा!"

ह्या वेळी कोणी बोललं नाही. सगळे माझ्याकडे वळले. बायकांच्या काखेत रिकाम्या कळश्या होत्या. शेवंता माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. मला तुमची मनापासून चीड आली. असल्या जागी मला एकटीला उभी करून गेलात, आणि तेही स्वतः चुकून.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. काटे ओढून बाजूला टाकले गेले. पहिला पोहरा तातूंच्या मोठ्या सुनेनं काढला, आणि रीत म्हणून तुमच्या-माझ्या घरची कळशी आधी भरली.

कळशी घेऊन आत आले तर आई उठून भिंतीला टेकून बसल्या होत्या. गाऱ्हाणं त्यांना अंथरुणावरून सगळं ऐकू गेलं होतं. तुम्ही गेल्यापासून त्या फारसं बोलत नाहीत. मला वाटायचं, त्यांनाही तातूंचंच खरं वाटतंय. मुलानं देवाचा अपराध केला, असं मनाशी धरून त्या झिजतायत.

"गो," त्या म्हणाल्या, "माज्या झिलाक राखणदारान न्हेल्यान, ह्या खरा काय?"

मी कळशी खाली ठेवली. म्हटलं, "नाय. तेंचा काळीज अधू होता. दगड ओढून ओढून गेले. कोण मदतीक इलो नाय म्हणान गेले."

मग त्यांच्या डोळ्यांना धार लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"मगे तू व्हय कित्या म्हटलंस?"

"बायकांका पाणी होया म्हणान."

"आनि पाऊस पडल्यार?"

"पाऊस पडल्यार नाय म्हणतलंय. एकेकाच्या दारात जावन सांगतलंय, माजो घोव कशान मेलो ता. उन्हाळोभर ता पाणी प्यालेली तोंडा मगे काय म्हणतत बघूया."

आईंनी पदरानं तोंड पुसलं, भिंत सोडून ताठ बसल्या आणि पाण्यासाठी हात पुढं केला.

"माका उठाक ताकद येवान दे," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा तातूच्या दारात जावया. मी येतंय तुज्यावांगडा."